ताईचा मोबाईल

जाफराबाद, मंगळवार संध्याकाळ

डोकं नुसतं तापलंय. दुपारी डॉक्टरांनी ताईला स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट समजावून सांगितला. पेशींना वाढायचा निरोप देणारं प्रथिन फार झालंय, त्यापुढं वाढ रोखणारी प्रथिनं कमी पडतात. "यात तुमची बिलकुल चूक नाही," म्हणाले. केवढी मोकळी झाली ताई!

आणि घरी आल्या आल्या आत्या म्हणते, "मोबाईल ब्लाऊजमधी ठेवायची, मंग दुसरं काय होणार?"

अरे, कापूस वेचताना बाईनं मोबाईल ठेवायचा कुठं? साडीला खिसा असतो का? आत्याचा स्वतःचाही तिथंच असतो की! मी चांगली भांडले. ताई मात्र उठून आत गेली.

आत्ता पाहिलं, तर ताईचा मोबाईल फडताळात, कपड्यांच्या खाली. चोरीचा माल लपवावा तसा.