कॅनॉलच्या वाटेने

२ डिसेंबर, सोमवार

वैजनाथ लेकीचं, ऋतुजाचं, नाव शाळेतून काढायचा अर्ज देऊन आला. हेडमास्तरांचा फोन होता — "तुम्ही समजावून बघता का बाई? गाव तुमचं ऐकतं."

परवाच दीपमालाची तेरवी झाली. थोरली गेली, आणि आता धाकटीची शाळाही! ऋतुजा सहावीत आहे. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढे अर्धापूर, चार किलोमीटर.

बघते म्हटलं. फोन ठेवला.

३ डिसेंबर, मंगळवार

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

ऑगस्टमध्ये मुलींना सरकारी सायकली मिळाल्या. दीपमालाच्या सायकलीला वैजनाथने दुधाचे कॅन लावले. मला खपलं नाही. शाळेतून निवृत्त झाले म्हणून काय झालं? चावडीसमोर थांबवलं त्याला — "सायकल पोरीला दिलीय, तुझ्या म्हशींना नाही!" पारावरची चार माणसं हसली. तो खाली बघून म्हणाला, "हाव बाई." त्याच संध्याकाळी कॅन उतरले. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले होते.

त्याआधी दीपमाला बाकीच्या मुलींबरोबर कॅनॉलच्या वाटेने चालत जायची. तिथे काळी माती, बाभळीचे काटे — सायकल चालत नाही. बाकीच्या चालतच राहिल्या; सायकल वापरायची म्हणून ती एकटी हायवेने जाऊ लागली. कोणत्या रस्त्याने जाशील, एवढं मी विचारलं नाही.

अठरा नोव्हेंबर. उसाचा ट्रॅक्टर आला, ती रस्त्याखाली उतरून थांबली. ट्रॉली पुढे गेली, ती परत वर चढली. धुळीत त्याच ट्रॅक्टरला मागे जोडलेली दुसरी ट्रॉली दिसली नाही.

फाट्यावरच्या चांदपाशाने पाहिलं. त्याचं पंक्चरचं दुकान समोरच आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

चांदपाशाकडे गेले. त्याची मनतशा दीपमालाच्याच वर्गात. तीही घरी बसून आहे. म्हटलं, मुलींना एकत्र नेऊ, कॅनॉलने. सायकली हातात धरून.

"तुम्ही पुढं चला बाई. मी मागं. पोरी मधात."

"म्हणजे मेंढरं राखायची?"

"मग इतके साल काय केलं तुम्ही? आमचे कान अजून लाल हायेत!"

हसला. मग बराच वेळ हातातली ट्यूब पाण्यात बुडवत बसला. म्हणाला, "बाई, मी हाक मारली व्हती तिला. हॉर्न वाजत व्हता."

९ डिसेंबर, सोमवार

आज निघालो. नऊ मुली. गल्लीच्या तोंडाशी मी शिट्टी वाजवली. वाट माझ्या दारावरून, मग वैजनाथच्या गोठ्यावरून, मग कॅनॉल.

हायवे एकाच जागी ओलांडावा लागतो. तिथे उभं करून शिकवलं — मोठ्याने मोजायचं. हेड म्हणजे ट्रॅक्टर, मग ट्रॉल्या — हेड, एक, दोन! दोन झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मुली ओरडल्या. मनतशा ओरडली नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

मी तिला रागावले नाही. पूर्वी रागावले असते.

ऋतुजा दारात उभी होती. गणवेश नव्हता. आम्ही दिसेनासे होईपर्यंत बघत होती म्हणे.

१० डिसेंबर, मंगळवार

ऋतुजा दारात नव्हती. दार बंद.

१४ डिसेंबर, शनिवार

सरपंच शेषेरावकडे. कॅनॉलवर मुरूम टाका, बाभळी तोडा.

"पुढच्या ठरावात घेऊन टाकू की बाई."

"तोपर्यंत कुणाची मुलगी मरू द्यायची ते पण ठरावात लिही."

दुपारी मुरूम आला. गावात कुणी मला नाही म्हणत नाही. आजवर याचा मला अभिमान होता.

१८ डिसेंबर, बुधवार

महिना झाला.

वैजनाथकडे गेले. शिकवायच्या आवाजात बोलायचं नाही, असं वाटेत दहादा घोकलं. तरी दारातच तोंडातून निघालं — "ऋतुजाला का बसवलंस घरी?"

तो गोठ्यात धार काढत होता. केवळाबाईने, त्याच्या बायकोने, पाणी दिलं. समोर बसली.

"पोरगी येईल बाई. तिची शाळा मला बी मोडायची न्हाई. पण तुम्ही संगं नका. सकाळी तुमची शिट्टी वाजली की हे ताटावरून उठतात. नऊ दिवस झाले."

मी म्हटलं, वैजनाथ, चूक माझी आहे. सायकलीबद्दल मी —

धार थांबली. "मला ठाव व्हतं बाई, ती डांबरीनंच जाईल. तोंडावर आलतं माझ्या. तुमच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलो. तुमच्यापुढं न्हाई म्हणाया आम्हाला कवा जमलंच न्हाई."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

केवळाबाई मला दारापर्यंत सोडायला आली. "त्यांचं मनाला लावून घिऊ नका," म्हणाली. माझी समजूत घालत होती! तिने!

१९ डिसेंबर, गुरुवार

चांदपाशाला सांगितलं, उद्यापासून पुढे तू. मागे कुणाची तरी आई घे.

"आन् तुम्ही?"

गुडघे दुखतात म्हटलं. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "बरं बाई," म्हणाला. त्यालाही नाही म्हणता आलं नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

ऋतुजा आज शाळेत गेली.

मुली दारावरून जाईपर्यंत मी कडी लावून आत बसले होते. उद्याही बसेन.