जावयाला काय सोसत नाही

तुमसर,
ता. २२ मार्च १९७९

ती. मामींना तुमसरहून टेकचंदचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघे मजेत आहोत. तुमची लेक चंद्रकांता अंगणात मिरच्या वाळत घालते आहे आणि दर थोड्या वेळाने विचारते, "लिवलं का जी?" तुम्ही चौथीपर्यंत शिकलेल्या, म्हणून अक्षर मोठे आणि सुटे काढतो आहे. आधी तुम्ही एकट्याच वाचा. मामाजींच्या हातात नंतर द्या.

गिरणीत आता धान कमी येते. पोत्यात सळई खुपसायची, मूठभर धान काढायचे आणि ओले की सुके ते सांगायचे, हे माझे काम. त्यामुळे सध्या मी बराचसा रिकामाच आहे. रुखमाचे लग्न वैशाखात ठरले हे होळीनंतर मामाजी येऊन सांगून गेले. धाकट्या मेहुणीचे लग्न म्हणजे मला दोन्ही हातांनी जेवायचा परवानाच. पण निघताना मामाजी चपलेत पाय घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाखनीचा आचारी सांगतला हाय. जावईबापूनं बेफिकीर यावं."

तुमच्या एकोडीत कुणाच्याही घरचे लग्न असो, वडे रंभाबाईंच्या, म्हणजे तुमच्याच, हातचे. आणि तुमच्याच पोरीच्या लग्नात बाहेरचा आचारी? चंद्रकांता त्या दिवशी जेवली नाही. मीही पानावर बसून उठलो, आणि मी पानावरून असा उठत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

याचे मूळ दिवाळीत आहे. त्याच्या आधीही एकदोनदा तुमच्याकडे जेवून माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या, पण तेव्हा उन्हाला दोष दिला. दिवाळीत मात्र ओठ असे सुजले की पाणी पिता येईना. बैलगाडीत घालून मला साकोलीच्या दवाखान्यात नेताना सगळे गाव दारात उभे होते. त्यानंतर मी आलो नाही. गिरणीत काम आहे, पाहुणे आहेत, असे लिहीत राहिलो. संक्रांतीला चंद्रकांता एकटीच आली.

ती परतली ती भले मोठे गाठोडे घेऊन. तुमच्या घरचे तांदूळ, लाखोळीची डाळ, जवस, मिरच्या, मोहफुले, सारे काही. मी विचारले, "हे काय, दुकान टाकायचं आहे का?" तर म्हणाली, "तुमी पोत्यात सळई खुपसता ना? आता मी तुमच्यात खुपसते."

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना ती आधीच भेटून आली होती. ते म्हणाले, आधी सगळे बंद करा. साधा भात द्या. मग एक एक जिन्नस थोडा थोडा खाऊन पाहा, मध्ये दिवस जाऊ द्या. ओठाला जरा चुरचुर झाली की थांबा, आणि श्वास अडखळला तर चप्पल शोधत बसू नका, तसेच इकडे या. गोळ्याही दिल्या.

झाले. तुमच्या जावयाच्या ताटात मीठ-भात आला. माझी आई खाटेवरून बघून म्हणाली, "पोरानं कोणता नवस केला?" मग एके दिवशी भाताशेजारी चमचाभर जवसाची चटणी. चंद्रकांता समोर बसून माझ्या तोंडाकडे अशी बघे की मला लाज वाटे. काही झाले नाही. मग लाखोळीचे वरण. काही नाही. मिरची, वांगे, मोहफूल. पठ्ठ्याला काहीच होईना. शाळेत मी अभ्यास न करता नापास झालो, आणि इथे जीव तोडून नापास व्हायला बसलो तर पास होत गेलो.

शेवटी तिने वडेच तळले. तुमचीच डाळ, तुमच्याच मिरच्या, वाटण आमच्या पाट्यावर. पहिला वडा भीत भीत खाल्ला. पुढचे किती खाल्ले ते आईला विचारा, ती अजून सगळ्यांना सांगत असते.

मला वाटले, चंद्रकांता आता खूश होईल. ती चुलीकडे तोंड करून बसून राहिली. खूप विचारल्यावर बोलली, आणि मामी, इतका वेळ जे लिहायचे मी टाळत होतो ते आता लिहितो. संक्रांतीला तळ्यावर तुमच्या आळीतल्या गिरजाबाई तिच्या ऐकण्यात म्हणाल्या होत्या, "रंभाबाईच्या हातालेच काही हाय. लेकीच्या नवऱ्याले तिचं अन्न पचत नाही, मंग दुसऱ्यानं कायले खावं?" ते ऐकून चंद्रकांता गाठोडे बांधून आली होती. आणि आता तुमच्या घरचा एक एक जिन्नस निर्दोष ठरला होता. मग उरले काय?

"मी नाही मानत," ती म्हणाली. मीही नाही मानत म्हणालो. पण आम्ही दोघेही ते जरा जास्तच जोरात म्हणालो.

तुमच्याही कानावर ते गेले आहे, हे आम्हाला त्या आचाऱ्यावरून कळले. त्याच दिवशी मामाजींनी पिशवीतून तुम्ही संक्रांतीत वाळवलेल्या डाळीच्या वड्या काढल्या आणि तुमचा निरोप सांगितला, "लेकीनंच खाव्या. जावयाले देऊ नोको." मामी, हा निरोप मला फार लागला. तुम्ही माझ्यावर रागावल्या असतात तर चालले असते.

म्हणून दुसऱ्या दिवशी जेवताना मी चंद्रकांताच्या वाटीतली एक वडी उचलून खाल्ली. तिने हात धरेपर्यंत ती पोटात गेली होती. थोड्याच वेळात ओठाला मुंग्या आल्या, मानेवर गांधी उठल्या. तिने गोळी दिली, आई देवाचे नाव घेऊ लागली आणि मी अंग खाजवत हसत सुटलो. "अगं, डाळ तीच, मिरची तीच. इथे वाटली तर काही नाही, तिथे वाटली तर गांधी. मग दोष डाळीचा कसा? वाटताना तिच्यात काहीतरी मिसळतं आहे."

चंद्रकांताने एक कोरडी वडी नाकाशी नेली. परत नेली. मग मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "झिंगे जी! माह्या आईचे झिंगे!"

आमच्या घरी मासळी येत नाही, आईला वास सोसत नाही. मी कधी झिंगा चाखलेला नाही, आणि तुम्हीही माझ्या ताटात कधी वाढला नाहीत. पण सासरी लेकीला मिळत नाहीत म्हणून ती आली की तुम्ही आधी सुके झिंगे वाटता. मग पाटा धुऊन त्याच पाट्यावर जावयाच्या वड्यांची डाळ. ताजी टाकी लावलेला पाटा, कितीही धुतला तरी खाचांत राहतेच. लेकीचे लाड आणि जावयाचा मान एकाच दगडावर, आणि जितका मान जास्त तितके वाटण जास्त. मी साधा वरणभात मागितला असता तर इतके झाले नसते, पण तुम्ही तो जावयाला वाढला असता का?

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून चिमूटभर झिंगे घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांसमोर चंद्रकांताने ते ओले करून माझ्या मनगटाला लावले. बघता बघता तिथे रुपयाएवढी गांधी उठली. डॉक्टर म्हणाले, हेच ते, तोंडात कधीही घालायचे नाही. चंद्रकांताचा चेहरा इतका फुलला की रांगेतल्या एका बाईने विचारले, "पोरगं झालं का तुमच्या घरी?"

तेव्हा मामी, तुमच्या हातात काही नाही. नव्हतेच कधी. मी आधीच येऊन तुमच्यापाशी बसायला हवे होते, ते मात्र राहून गेले.

आता माझे ऐका. लाखनीच्या आचाऱ्याला नको म्हणून कळवा. मी नवा पाटा घेतला आहे. हळद लागायच्या आदल्या दिवशी तो खांद्यावर घेऊन येतो. जावई पाटा वाहून आणतो म्हणून लोक हसतील, हसू द्या. त्यावर फक्त लग्नाची डाळ वाटायची, कढई आणि तेलही वेगळे ठेवायचे. चंद्रकांताचे झिंगे तुमच्या जुन्या पाट्यावर, परसात.

हे पत्र आता मामाजींना द्या. त्यांनी ते ओसरीवर बसून वाचावे, आणि मामाजींचा आवाज मोठा आहे तो तसाच ठेवावा. गिरजाबाईंचे घर लांब नाही. त्यांना माझा नमस्कारही सांगा.

लग्नात पहिल्या पंगतीला मी बसेन. वडे तुम्ही तळायचे आणि माझ्या ताटात तुम्हीच वाढायचे, मी पुरे म्हणालो तरी. जेवून मी उठणार नाही. हात धुऊन मांडवाच्या मधोमध खुर्ची टाकून दिवेलागणीपर्यंत बसून राहीन. ज्याला रंभाबाईंच्या हाताबद्दल काही म्हणायचे असेल, त्याने जवळ येऊन माझे तोंड नीट पाहून जावे.

तुमच्या हातचे जेवून तुमच्या मांडवात बसणारा,
तुमचा जावई
टेकचंद