खिडकीतल्या दोन बाटल्या

मंगळ. ११ नोव्हें.
अश्विनीची कॉट घरमालकीणबाईंनी आज बाहेर काढली. लग्न ठरलं, गेली. आता खोली माझ्या एकटीची. नोकरीसाठी शिरूरला येऊन वर्ष होईल. ओळखीचं माणूस म्हणजे खानावळीतल्या मावशी. त्याही "भात वाढू का?" एवढंच विचारतात.
कवठे येमाईच्या शाळेचा पाण्याचा फिल्टर आज भरून झाला. एका टाकीत खाली गोटे, वर वाळू, दुसरीत कार्बन. काय भरायचं ते पहिल्यांदाच मी ठरवलं, लॅबचा रिपोर्ट बघून. ऑफिसातल्या सरांनी फक्त सही केली. दिवसभर वाळू धुऊन बोटं सुरकुतली आहेत. छान वाटतंय.
कुणाला तरी सांगायचं होतं. घरी, खुटबावला फोन लावला. दादा म्हणाले, "मंजी त्या गावची पोरं आता माझ्या पोरीच्या हातचं पाणी पिनार!"

गुरु. १३
पुढच्या गुरुवारी उद्घाटन. दादांना सांगितलं आणि फसले. ते येणार. आपल्या रानातल्या शेवंतीचा हार आणणार, नळाला घालायला. मागून आई : "आधी इस्त्रीचा सदरा हाय का बघा." दादा : "पोरीनं पाणी पास केलंय, माझ्या सदऱ्याकडं कोन बघतंय?"
फोन ठेवल्यावर खोली जास्तच शांत.

शनि. १५
पाइप जोडणी बघायला कवठ्याला. शाळेत खिचडी करणाऱ्या काकू भांडी घासत होत्या. पातेल्याच्या आत काठाला तांबडी रेघ. विचारलं.
"बोअरचं पानी असंच, ताई. सकाळी भरलं की दुपारी पिवळं. पोरं म्हनत्यात, काकू, पान्यात हळद टाकली काय?"
म्हणजे पाण्यात लोह. पण रिपोर्टात लोह जवळजवळ नाहीच. आणि त्याच नमुन्याची जादा बाटली माझ्या खिडकीत किती दिवस उभी आहे, अजून नितळ.
मग ते पाणी कुठलं?
जेवायला गेले नाही.

सोम. १७
गावाला पाणी सोडणाऱ्या आबांना गाठलं. नमुना त्यांनीच भरला होता. मी तेव्हा सरपंचबाईंकडे हळदीकुंकवाला बसलेली. पोर पहिल्यांदा गावात आली म्हणून सोडीनात. बोअर थोडा वेळ चालू ठेवून नमुना आपल्या हातानं भरायचा, हे मला पाठ आहे. तरी बाटल्या दिल्या आबांच्या हातात.
"आबा, बोअरचंच होतं ना ते?"
"न्हाई. वरच्या विहिरीचं. एकदम ग्वाड."
"अहो, विहीर उन्हाळ्यात आटते. शाळेला तर बोअरचं पाणी."
"व्हय की. पन तपासायला भायेर जानार म्हनल्यावं चांगलं पानी द्याया नगं? लोकं म्हनतील, कवठ्याचं पानी असलं? डाक्टरकडं जाताना आपुन आंगूळ करून जातो का न्हाई?"
हसू आलं. मग एसटीत रडू. आबांवर काय रागवायचं? पाहुणे आले की आमची आई कान तुटलेले कप आधी लपवते.
आज बोअर चालू करून मीच भरलं. भरताना अगदी काचेसारखं दिसत होतं.

मंगळ. १८
खिडकीत दोन बाटल्या. विहिरीची नितळ. बोअरची पिवळी, तळाला तांबूस गाळ.
दोन्ही सरांच्या टेबलावर ठेवल्या. लोहासाठी वेगळे काळे दाणे भरायला हवेत, नाहीतर कार्बन लवकर बुजेल, सगळं सांगितलं. सरांनी पिवळी बाटली बाजूला सारली.
"सुरुवातीला तर स्वच्छ येईल ना? मग उद्घाटन होऊ दे. नंतर सर्व्हिसिंगमध्ये बदलू."
"आणि मुलं?"
"आत्तापर्यंत तेच पीत होती."
तेही खरं. सर वाईट नाहीत. पण त्यांचं 'नंतर' मी दुसऱ्या एका गावात पाहिलंय. फिल्टरला कुलूप आहे, आणि हंडे पुन्हा बोअरवर.
"निवड तुझी होती," निघताना म्हणाले. "थांबवायचं तर गावाला तूच सांग."

बुध. १९
सरपंचबाईंचा नंबर काढून बसले. लावला नाही. मंडप सांगितलाय म्हणे. माझं नाव फळ्यावर लिहिणार आहेत.
सांगायचं तर आबांचं नाव घ्यायचं नाही. नमुना मी भरला नाही, एवढंच. ते खरंच आहे.
दादांचा फोन. पहिल्या गाडीनं निघतो, शिरूरला स्टँडवर थांब. "जेवलीस का?" "हो." जेवले नव्हते. पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर ते आईला शेवंतीवर पाणी मारायला सांगत होते. राहिलं.
कॉलेजात वाटायचं, खरं कळलं की सांगणं सोपं. कळणंच अवघड.

गुरु. २०, एसटीत
दादा आले. पांढरा सदरा, कडक इस्त्री. ओल्या फडक्यात हार. मला बघून आधी हसले, मग म्हणाले, "वाळलीस गं." माझ्या हातातली पिशवी घेतली. "जड हाय. काय हाय ह्यात?"
"शाळेचं पाणी."
गाडी सुटल्यावर सगळं सांगितलं. चूक माझी, फिल्टर आज सुरू करू नका असं मांडवात उभं राहून सांगणार आहे, सरांना सकाळीच तसं कळवलंय. एकदा सुरू झाले आणि बोलतच गेले. मग थांबले.
दादांनी बाटली काढली, खिडकीच्या उजेडाला धरली. गाडी उडाली की तळाचा गाळ वर येतो, सगळं पाणी गढूळ होतं. ते तो परत खाली बसायची वाट बघतायत. हार मांडीवर होता, तो मघाशी पुन्हा फडक्यात गुंडाळला.
पिशवी त्यांनी आपल्याच खांद्याला अडकवलीय. कवठ्याची कमान दिसतेय.