‘परत येतो’ म्हणाले डॉक्टर

मंगळवार, दिवेलागण

आज डॉक्टर घरी आले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं इंजेक्शन पप्पांना टोचलं गेलं आणि पप्पा गेले, ते यांच्याच दवाखान्यात. पण आम्ही विचारायच्या आधी, त्याच दिवशी, यांनीच ते तोंडावर सांगितलं होतं. नाहीतर ‘अटॅक आला’ एवढंच धरून बसलो असतो आम्ही जन्मभर.

राग आहेच. काकांनी खुर्ची दिली नाही, मीही उठले नाही. डॉक्टर गुमान सतरंजीवर बसले. आईनं विचारलं, “त्यान्ला लई तरास झाला का हो?”

“थोडा वेळ झाला. मी हात धरून होतो.”

‘नाही झाला’ म्हणून सुटता आलं असतं की त्यांना! का नाही म्हणाले?

उठताना म्हणाले, “चौकशीत काय निघतं ते सांगायला मी परत येतो.”

सगळे चपापले. सुतकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणतात का कुणी? एवढंही कळू नये? काका बोललेच, “आवो डॉक्टर, आसं म्हणू न्हाई.” डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं.

आई म्हणाली, “म्हणू द्या. या तुमी. मला अजून लई इचारायचं हाय.”

इतके लोक येऊन मुकाट उठून गेले. परत येतो म्हणणारा हा एकच निघाला. राग त्याच्यावरच आणि उपकारही त्याचेच. काय करावं माणसानं?

आत्ता भाकरी मोडता मोडता आई म्हणाली, “पुढच्या बारीला येतील तवा चहा टाक त्यान्ला.”