मधलं बेअरिंग

दिनांक ९ मार्च, मंगळवार

धाकट्या,

आशीर्वाद लिहितो. घ्यायचा की नाही ते तू ठरव. इकडे ठीक आहे. माझे गुडघे बसलं की उठू देत नाहीत आणि उठलं की बसू देत नाहीत. तुझ्या वहिनीला खोकला होता, आता बरा आहे. तुझी तब्येत कशी आहे ते कळत नाही, त्याचा घोर लागतो. कळवायला तू बांधील नाहीस, तेही समजतं.

आधी कामाचं. तू सुट्या भागांच्या दुकानात बसतोस म्हणून लिहितो. वडिलांचा जुना ट्रॅक्टर माझ्या मुलाने बांधायला काढलाय. एकतीस वर्षं पत्र्याखाली उभा आहे, राहू दे, असं मी म्हणत होतो. या इंजिनाचं सामान आता मिळत नाही, हेच मी विचारेल त्याला सांगत आलो. त्याने महिन्याभरात सगळं जमवलं. पिस्टन-लायनर एका बंद पडलेल्या गॅरेजमधून, ऑइल पंप भंगारवाल्याकडून. मिळेना म्हणून माझ्या जिवाला बरं वाटायचं, आणि हा संध्याकाळी पिशवी घेऊन हजर. क्रँक घासून बारीक करून तीसच्या मापावर आणलाय. आता मेन बेअरिंगचा तीसचा सेट तेवढा कुठे नाही. तुझ्या दुकानात जुन्या मालात पडलेला असेल.

पाठवताना नीट बघ. दरेक जोडीत बेअरिंगची एक वाटी भोकाची, एक बिनभोकाची. भोकाची वर बसते, तिच्यातून तेल येतं. तुला हे मी काय सांगणार. उगीच लिहिलं.

उगीच नाही लिहिलं.

मागच्या महिन्यात मिस्त्रीने इंजिन उलटं करून मधल्या बेअरिंगची टोपी खोलली, तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. भोकाची वाटी टोपीत, म्हणजे खालच्या बाजूला निघाली, बिनभोकाची वरच्या जागी. तेलाची वाटच बंद. मिस्त्री म्हणाला, हे बसवणाऱ्याला हात होते, डोळे नव्हते. मुलाने माझ्याकडे वळून विचारलं, "बाबा, हे जोडलं कोणी होतं?"

मी म्हणालो, "काकाने."

एवढा म्हातारा झालो, काय गरज होती? पण तोंडातून गेलं. मुलगा म्हणाला, म्हणजे आजोबा म्हणायचे ते खरंच होतं तर. मी चिंधीने नट पुसत बसलो. पुसलेलाच परत पुसला.

जोडलं मी, हे तुला माहीत आहे. बाहेरचा मिस्त्री न बोलावता आपलं आपण करून वडिलांना दाखवायचं होतं मला. तुला नुसता चालवायला दिला. तासाभरात तू परत आलास आणि म्हणालास, "दादा, खालून ठोका येतोय. बंद करू का?" मी म्हणालो, नवं काम आहे, थोडं बोलणारच, चालव. मग इंजिन जे जाम झालं ते झालंच.

तुला माहीत नाही ते आता लिहितो. तू वडिलांना बोलवायला गेलास तेव्हा मी खालचं तेल काढून तेलाचा चेंबर उतरवला. टोपी खोलली आणि मला चूक दिसली. होतं तसं लावून टाकलं. तेल काढलं ते बघण्यासाठी, त्यात लबाडी नव्हती. पण त्या तेलाने भरलेला डबा पाण्याच्या टपामागे सरकवला तो मुद्दाम. वडिलांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली तर कोरडी. तू म्हणत होतास, सकाळी बघितलं होतं, काठोकाठ होतं. वडील म्हणाले, तेल बघायची अक्कल नाही त्याने माझ्या यंत्राला हात लावू नये, आणि माझ्या डोळ्यांसमोरही नको. तू माझ्याकडे बघितलंस. मी हात धूत होतो.

तुझा राग येतो हेही खरं लिहितो. एकदा तरी भांडायचं होतंस माझ्याशी. कॉलर धरली असतीस तर मी बोललो असतो, असं वाटतं. तू पिशवी भरलीस आणि गेलास, मला सोपं करून दिलंस. वडील गेले त्या दिवशी तू अंगणात उभा होतास. सांगायचं म्हणूनच मी तुझ्याजवळ आलो आणि विचारलं, बस वेळेवर मिळाली का. तू हो म्हणालास. एवढंच आपलं बोलणं झालं.

वडील शेवटपर्यंत तुलाच दोष देत गेले. ते आता कोणाला दुरुस्त करता येणार नाही.

सेट नसेल पाठवायचा तर नको पाठवूस. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. मागायला तोंड हवं.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, माझ्या अक्षरातला पत्ता पोस्टात कोणाला लागत नाही. पाकिटावर पत्ता मुलगाच घालतो. पाकीट मी चिकटवलेलं नाही. त्याच्या हातात देऊन म्हणणार आहे, आधी आतलं वाच, मग पत्ता घाल. तो बाहेर चाकं धुतोय, पाण्याचा आवाज येतोय. संपलं की आत येईल. धीर सुटला तर हे चुलीत जाईल आणि तुला काही कळणार नाही.

तुझ्या हातात पडलं असेल तर तुझ्या पुतण्याने वाचलं आहे, असं समज.

त्या दिवशी हात धूत उभा राहिलेला,
दादा