डावी बाजू रिकामी ठेवल्याचा परिणाम

कोपनहेगन, डिसेंबर १९८२

ती. डाग्नी मावशीस,

विगोचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा थंडीत कुरकुरतोय का? काकांनी पाइप खरंच सोडला, की गोठ्यामागे जाऊन ओढतात? (माझं नाव सांगू नकोस.) मी ठणठणीत आहे, फक्त अंगाला माशांचा वास येतो. त्याचीच ही हकिगत.

‘विम्याच्या कचेरीत तू नक्की करतोस काय?’ असं तू दर पत्रात विचारतेस. मी फंक्शनं लिहितो. म्हणजे एखाद्या कामाला नाव द्यायचं आणि ते कसं करायचं हे कॉम्प्युटर नावाच्या यंत्राला एकदाच सांगून ठेवायचं. ज्यावर काम करायचं ते नावाच्या उजवीकडे लिहायचं. मग एक आकडा द्या नाहीतर आकड्यांची अख्खी रांग, यंत्र एका दमात उरकतं. काही फंक्शनांना उजवीकडचं तेवढंच पुरतं, काहींना डावीकडेही काहीतरी लागतं. आणि काही दोन्ही घरचे पाहुणे असतात: नुसत्या पाचाआधी वजाचं चिन्ह ठेवलं तर उणे पाच, पण त्याच चिन्हाच्या डावीकडे आठ ठेवले तर उत्तर तीन. (काकांना हे सांगू नकोस, ते वाद घालतील.)

तर नाताळच्या मेजवानीसाठी मी ‘जेवण’ नावाचं फंक्शन लिहिलं. उजवीकडे माणशी पदार्थ, डावीकडे माणसं किती. डावीकडे काहीच नसेल तर अख्खी कचेरी जेवणार असं धरायचं, ही माझी हुशारी. वर आणखी हुशारी अशी, की जो ते चालवेल त्याच्याच पत्त्यावर माल पाठवायचा हुकूम टेलेक्सने थेट मासेवाल्याकडे.

आमच्या हिशेबखात्यात इंगेलिसे नावाची बाई आहे. (बाई म्हणजे माझ्याच वयाची, चष्मा लावते, हसली की चष्मा वर सरकतो. हे आपलं सहज सांगितलं.) तिला रविवारपुरते दोन हेरिंग मासे हवे होते. तिने उजवीकडे दोन हेरिंग लिहिले आणि डावी बाजू मोकळी सोडली.

शनिवारी सकाळी तिचा फोन. ‘विगो, माझ्या जिन्यात तुझे मासे आहेत. मला दार उघडता येत नाही.’

धावत गेलो. चौथ्या मजल्यापर्यंत पिंपं रचलेली, आणि खालच्या मजल्यावरचे टोर्सागेर आजोबा त्यांतल्याच एकावर बसून बूट घालत होते. मी घाईघाईने समजावू लागलो, की डावीकडे कोणी नसलं म्हणजे सगळे आले असं धरलं होतं.

‘अरे शहाण्या,’ दाराच्या फटीतून ती म्हणाली, ‘डावीकडे कोणी नसलं म्हणजे माणूस एकटं असतं. एवढंही कळू नये?’

मावशी, हे ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारभर आम्ही दोघं दारोदार मासे वाटत हिंडलो. टोर्सागेर आजोबांनी तर चार वेळा वेगवेगळ्या टोप्या घालून नेले. उरलेले आम्ही तिच्या स्वयंपाकघरात राय धान्याच्या काळ्या पावावर कच्चा कांदा घालून खाल्ले. सोमवारी मी फंक्शन बदललं. आता डावी बाजू रिकामी असली की एकच माणूस धरतं. कचेरीची मेजवानी मात्र त्यामुळे एका माणसापुरतीच आली, आणि साहेब माझ्याशी बोलत नाहीत.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार.

तुझा,
विगो

ता. क. ईस्टरला मला तुझ्याकडे बोलावणारं एक पत्र लिहिशील? ‘कोणाला तरी सोबत आण’ असंही लिही, ठळक अक्षरात, म्हणजे ते मला कचेरीत सहज टेबलावर ठेवता येईल.

ता. क. दुसरा: कोणाला, ते अजून ठरलेलं नाही. गैरसमज नसावा.

मावशी, पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडेच दिलं. पत्र सावकाश लिहा, घाई नाही. मी रजा टाकलेली आहे. फक्त जेवायला मासे करू नका. – इंगेलिसे