शिट्टीपुरते दात

मु. न्हावरे

तीर्थरूप सारजाआक्कास, धाकट्या पोपटचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि दारचा शेवगा, तिघांचंही बरं चाललं असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सगळे ठीक, फक्त माझे वरचे पुढचे तीन दात जागेवर नाहीत. फोन न करता पत्र लिहितोय ते त्यामुळंच. मागच्या वेळी मी फोनवर दुःख सांगत होतो आणि तू पोट धरून हसत होतीस. (कागदावर माझे सगळे दात शाबूत आहेत.)

दात पाडले आमच्या चंद्री म्हशीनं. तिच्या कानातला गोचीड काढायला मी वाकलो आणि तिनं माशी उडवायला मान झटकली. तिच्या मनात वाईट नव्हतं, असं रंगूचं म्हणणं. (रंगू माझ्या बाजूनं कधी बोललीय?) खरी पंचाईत पुढंच झाली. माझ्या शिट्टीशिवाय चंद्री पान्हा सोडत नाही, हे तुला ठाऊक आहे. जीभ दाताला टेकवून मारायची ती लांब शिट्टी. आता नुसती हवा जाते. मी फुंकतो, ती वळून बघते आणि लाथेनं बादली सरकवते. जिनं दात पाडले तिनंच शिट्टी मागावी, म्हणजे चोर तर चोर, वर शिरजोर.

जखम भरल्यावर आमच्या पोरानं, भारतनं, मला शिरूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई तरुण, पण समजावून सांगण्यात चिकाटीच्या. पहिली वाट कवळीची, काढता-घालता येणारी. दुसरी ब्रिजची, शेजारचे चांगले दात घासून त्यांच्या आधारानं मधले बसवायचे. (आपल्या बांधासाठी शेजाऱ्याचं रान कोरायचं. या कामात आपल्या गावाचा हात कुणी धरणार नाही, पण तोंडात भावकी नको म्हटलं.) आणि तिसरं ते इम्प्लांट. हाडात स्क्रू रोवायचा, हाडानं तो धरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्यावर दात. मी विचारलं, "बाई, शिट्टी कशात वाजंल?" हा धडा त्यांना कॉलेजात नसावा.

थांबायचं म्हटल्यावर माझा जीव खालीवर झाला. मी कवळी घेतली. मिळाली त्याच संध्याकाळी गोठ्यात उभा राहिलो, छातीभर हवा घेतली आणि फुंकली. शिट्टी राहिली आत, कवळी गेली बाहेर, ती थेट चंद्रीच्या पुढ्यातल्या भिजवलेल्या पेंडीच्या, आंबोणाच्या घमेल्यात. मी हात घालेपर्यंत तिनं एकदा चावून पाहिली आणि टाकून दिली. तुकडे घेऊन पुन्हा शिरूर. बाईंनी तुकडे पाहिले, मला पाहिलं आणि विचारलं, "आप्पा, झोपेत दात खाता का?" मी व्हय म्हणालो. मुक्या जनावराचं नाव कशाला घ्यायचं.

आता इम्प्लांट नक्की झालंय. साखरेची धास्ती होती, पण रिपोर्ट चांगले आले. जबड्याच्या फोटोत हाड भक्कम दिसतंय म्हणाल्या. आक्का, खरं सांगतो, मला फार आनंद झाला. या वयात आपल्यात काही नवं रुजणार, या खुशीत दवाखान्याचा जिना मी उड्या मारत उतरलो. (भारत मागून ओरडत होता.)

तू मात्र एवढ्या उन्हाची इकडं यायची तसदी घेऊ नकोस. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
पोपट

ता. क. स्क्रू बसवला की तो रुजेपर्यंत मला जोरात फुंकायला बंदी असणार आहे. तोवर चंद्री आटली तर? ही शिट्टी मला ओढ्याकाठी तूच शिकवलीस. "पोरीच्या जातीनं शिट्टी मारू न्हाई," म्हणून आबांनी तुला दटावलं आणि तुझी बंद झाली, माझी चालू राहिली. तुझे दात अजून सगळे आहेत. (हेवा वाटतो.) केडगाव चौफुल्यावरून न्हावऱ्याची एसटी मिळते. लुगडी चांगली भरपूर घे. दाजींना सांग, भावाला बरं नाही.

आणखी ता. क. (हे मी रंगू लिहिते.) वन्सं, म्हस माझ्या हाताला बिनशिट्टीची दूध देती. रोज मीच डेअरीला घालतीय. ह्यांना समदं म्हाईत हाय, पर तुमाला बोलवायला दुसरं निमित्त सुचंना. स्क्रू बसवायचं म्हंजी मनातनं लई भ्यालेत. तुम्ही याच. आन् दुपारी हे झोपले की ती शिट्टी मला बी शिकवा.